चादरीचा गेम मोबाइलवर धुरकट दिसायचा, तो असा सुधारला

सोलापुरी चादरीच्या नक्षीचे तुकडे जुळवायचा छोटा ब्राउझर गेम करतोय. लॅपटॉपवर झकास, पण भावाच्या मोबाइलवर नक्षीतला मोर धुरकट आणि खालची बटणं गायब!

धुरकटपणाचं कारण असं, की कॅनव्हासला (वेबपानावरची चित्र काढायची चौकट) दोन मापं असतात: आतल्या पिक्सेलचं आणि सीएसएसमधलं, म्हणजे पानावर दिसणारं. मोबाइलचा पिक्सेल रेशो (सीएसएसच्या एका पिक्सेलमागे पडद्याचे किती पिक्सेल) ३ असेल तर ३६० रुंदीची जागा प्रत्यक्षात १०८० पिक्सेलची असते. ३६० चा कॅनव्हास तिथे ताणला जातो आणि ब्राउझर कडा गुळगुळीत करतो. मग कॅनव्हासची आतली रुंदी-उंची रेशोने गुणली, चित्र काढताना स्केलही तेवढंच दिलं आणि इमेज स्मूदिंग बंद केलं. नक्षी जकार्डवर (मागावरची नक्षी विणायची यंत्रणा) विणल्यासारखी चौकटी-चौकटीत उठली. गुण आणि सूचना मात्र कॅनव्हासमधून काढून साध्या एचटीएमएलमध्ये ठेवल्या. अक्षरं, विशेषतः जोडाक्षरं, तिथेच नीट दिसतात, आणि ओळ तोडायची कटकट ब्राउझरच्या गळ्यात.

बटणांचा घोळ १०० व्हीएचमुळे (व्हीएच हे सीएसएसमधलं उंचीचं एकक; १०० म्हणजे पूर्ण पडदा). मोबाइलवर ही उंची अ‍ॅड्रेस बार नाही असं धरून मोजली जाते. सगळे डीव्हीएच (बारप्रमाणे बदलणारी उंची) सुचवतात, पण बार सरकला की खेळाचा पट उड्या मारतो. गेमला एसव्हीएच (बार दिसतोय असं धरून मोजलेली उंची) बरं. जुन्या ब्राउझरसाठी त्याच्या वरच्या ओळीत व्हीएच राहू दिलं.

रंगही बदलले. काळ्यावर मरून अक्षरं नवी पेठेतल्या भर उन्हात कोण वाचणार? अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट (उजळपणाचा फरक) किमान ४.५ : १ हवा, म्हणून अक्षरं पिवळी केली. आईला आवडली नाहीत, पण वाचता येतात म्हणाली.