आय-५ की आय-७? त्याआधी रॅम बघा

नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं की बहुतेक जण दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतात, "आय-५ घेऊ की आय-७?" म्हणजे इंटेल कंपनीचा कुठला प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू, घेऊ? मला विचाराल तर हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न म्हणजे तुमच्या कामाला मेमरी, म्हणजेच रॅम, किती लागते. त्याचं उत्तर दुकानात मिळत नाही, ते तुमच्या घरच्या जुन्या मशीनमध्येच असतं.

आमच्या सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला माझा एक मित्र जेकार्ड मागासाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, चादरींची डिझाइनं काढतो. त्याचा कॉम्प्युटर दिवसातून चार-पाच वेळा अडकायचा. "आता नवाच घेतो, आय-७," असं म्हणून त्याने पैसेही बाजूला काढून ठेवले होते. मी म्हटलं, एक दिवस थांब. दुसऱ्या दिवशी ऐन कामाच्या वेळी त्याच्याकडे गेलो. डिझाइनचं सॉफ्टवेअर, मोठं चित्र, टॅली, व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, सगळं रोजच्यासारखं उघडं होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली. कॉम्प्युटरवरचा भार दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, त्यात परफॉर्मन्सवर गेलो. प्रोसेसर १८ टक्के, मेमरी ९४ टक्के, डिस्क १००. प्रोसेसर जवळजवळ रिकामाच बसला होता! मेमरीच्या पानावर खाली लिहिलं होतं, दोनपैकी एक स्लॉट (रॅमची पट्टी बसवायची खाच) वापरात. रॅमची ८ जीबीची आणखी एक पट्टी बसवली आणि तोच कॉम्प्युटर आजही चालतोय.

हे का होतं ते मागाच्या भाषेत सांगतो. प्रोसेसरचा एक कोअर म्हणजे एक माग. शेडमध्ये चार माग असतील तर एका वेळी चार चादरी निघतील, पण एकच चादर चार मागांवर टाकून चौपट लवकर निघणार नाही. तिथे त्या एका मागाचाच वेग कामाला येतो. रॅम म्हणजे मागाशेजारची जागा, जिथे सूत हाताशी मांडून ठेवलेलं असतं. ती जागा भरली की कामगाराला दर वेळी गोदामात पळावं लागतं. गोदाम म्हणजे डिस्क. मग माग कितीही वेगाचा असो, तो उभाच राहणार.

तेव्हा पहिलं काम हेच. तीन-चार दिवस ऐन कामाच्या वेळी टास्क मॅनेजर बघा आणि आकडे कागदावर लिहून ठेवा. मेमरी सारखी ८५-९० टक्क्यांवर असेल तर जास्त रॅम हवी. मेमरीला जागा आहे आणि प्रोसेसरच मिनिटामिनिटाला शंभरावर जातोय, तर खरोखरच तगडा प्रोसेसर हवा. दोन्ही निवांत असूनही मशीन रखडतंय आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, तर आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून बघा.

आता रॅमचा आकडा ठरवा. ४ जीबीचं मशीन आज घेऊच नका. विंडोज ११ची किमान अट तेवढीच आहे, पण त्यात विंडोज सुरू झाल्यावर तुमच्या कामाला फार थोडी जागा उरते. टॅली, ऑनलाइन फॉर्म, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास यांना ८ जीबी पुरते. डिझाइन, फोटोशॉप, लग्नपत्रिकांचं डीटीपी, इंजिनिअरिंगच्या मुलांचं कोडिंग यांना १६ घ्या. लग्नाचे फोर-के व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी ३२ची तयारी ठेवावी. लॅपटॉप घेताना एक प्रश्न ठासून विचारा: रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, आहे का? असेल तर पुढे वाढवता येत नाही, लागेल तेवढी आजच घ्यावी लागते. पट्ट्या बदलता येत असतील तर रॅमचा प्रकार डीडीआर-४ की डीडीआर-५ तेही विचारून ठेवा. एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

मग प्रोसेसर. इथे माझ्याकडूनच चूक झाली होती. काही वर्षांपूर्वी भाचीसाठी जुना लॅपटॉप घेतला, आय-७चा स्टिकर बघून. घरी येऊन पूर्ण नंबर वाचला: आय-७ ७५००यू. सातवी पिढी, दोनच कोअर. शिवाय विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, त्यामुळे तिथेही तो बाद. विंडोज १०चं नेहमीचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं, म्हणजे आज असं मशीन घेणं पैसे अडकवण्यासारखं आहे. बाराव्या पिढीच्या आय-३ १२१५यूमध्ये सहा कोअर आहेत आणि तो त्या आय-७ला सहज मागे टाकतो.

म्हणून स्टिकर सोडा, पूर्ण नंबर वाचा. आय-५ १२३५यूमधले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी पिढी. शेवटचा यू म्हणजे वीज कमी खाणारा, एच म्हणजे जोरकस कामाचा, बॅटरी लवकर संपवणारा. डेस्कटॉपच्या नंबरात शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घ्यावं लागतं. २०२३च्या अखेरीपासून इंटेलने नव्या नावांतून आय काढायला सुरुवात केली, आता कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावं दिसतात. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये तर जास्तच सावध राहा. रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू शेजारी-शेजारी मांडलेले असतात, दिसायला सख्खे भाऊ. पण या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. २ म्हणजे जुनी झेन-२ रचना, ३ म्हणजे तिच्यानंतरची झेन-३. पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात सहा. किमतीत थोडाच फरक असेल तर डोळे झाकून ७५३०यू घ्या.

आपल्या सोलापूरचा उन्हाळाही हिशेबात धरा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. अगदी पातळ लॅपटॉपमध्ये महागडा प्रोसेसर घेतला तर दुपारी त्याचा निम्मा उपयोगही पदरात पडेलच असं नाही. कारखान्याच्या शेडमध्ये मशीन ठेवणार असाल तर डेस्कटॉपच घ्या. कापसाचे बारीक तंतू पंख्यात जाऊन बसतात, आणि डेस्कटॉपचं झाकण उघडून ते महिन्याला साफ करता येतात. माझ्या मित्राच्या पंख्यावरून तर चक्क कापसाची चकतीच निघाली होती.

पैसे देण्याआधी मशीन दुकानातच सुरू करायला सांगा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडा. तिथे प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि रॅम दिसते. तोच नंबर, तीच रॅम बिलावर लिहून घ्या. बिलावर नुसतं "आय-५ लॅपटॉप" असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा.