शॉट पीनिंग: टर्बाइन ब्लेडच्या कामावर नव्याने येणाऱ्यांसाठी

मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या वाफेच्या टर्बाइनचं ब्लेड थकव्याने (पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाने) तुटतं तेव्हा तडा पुष्कळदा मुळाशी, फर-ट्री खाचेच्या (फर झाडासारख्या दातेरी खाचेच्या) फिलेटमध्ये, म्हणजे कोपऱ्यातल्या गोलाईत, सुरू झालेला असतो. तडा ताणाखाली उघडतो, म्हणून तिथला पृष्ठभाग आधीच दाबाखाली ठेवायचा. गोल शॉटने, म्हणजे नोझलमधून जोरात मारलेल्या बारीक गोळ्यांनी, ठोकून हा दाबाचा थर बसवतात. नवीन पोरं याला सँडब्लास्टिंग समजतात. इथे साफसफाईशी काही संबंध नाही.

हा दाब जॉबकडे बघून कळत नाही, म्हणून सगळी भिस्त अल्मेन स्ट्रिपवर, म्हणजे चाचणीच्या पोलादी पट्टीवर. ए स्ट्रिप ७६ × १९ मिमी, जाडी १.२९ मिमी. ती टेबलावर आडवी ठेवू नका; डमी जॉबवर, फिलेटच्याच जागी आणि त्याच कोनात चार स्क्रूंनी धरा. शॉट बसला की ती नोझलच्या बाजूला फुगते, तो फुगवटा गेजवर मोजायचा. एका स्ट्रिपवर ०.२० मिमी आलं म्हणजे इंटेन्सिटी (पीनिंगचा जोर) ०.२० झाली, असं नव्हे. निदान चार वेगवेगळ्या वेळांच्या स्ट्रिप काढा, आलेख आखा. वेळ दुप्पट केल्यावर फुगवटा दहा टक्क्यांहून जास्त वाढत नाही, अशी पहिली वेळ शोधा. तिथला आकडा खरा. वापरलेली स्ट्रिप उलटून पुन्हा लावायची नाही.

कव्हरेज, म्हणजे पृष्ठभागाचा किती भाग शॉटच्या खळग्यांनी भरला, हे वेगळं. स्ट्रिप आणि जॉब यांचा कडकपणा वेगळा, त्यामुळे जॉबला लागणारा वेळही वेगळा. दहापट भिंगाखाली फिलेटच बघा. ९८ टक्के भरलं की पूर्ण धरतात.

शॉटचा व्यास फिलेटच्या त्रिज्येच्या निम्म्याहून मोठा नको. त्रिज्या ०.८ मिमी असेल तर एस-१७० (०.४३ मिमी) बाद, एस-११० (०.२८ मिमी) घ्या. फुटका शॉट सर्वांत वाईट: त्याची धार ओरखडा पाडते आणि तडा तिथूनच निघतो. चाळणी आणि स्पायरल सेपरेटर (गोल शॉटमधून फुटका वेगळा करणारं यंत्र) चालढकल न करता तपासा. पातळ कडांना मास्किंग करा (शॉट लागू नये म्हणून झाका), नाहीतर धातू दुमडतो. टायटॅनियमवर स्टील शॉट वापरला तर पृष्ठभागावर राहिलेलं लोखंड नंतर काढावं लागतं.

पीनिंगनंतर फाइल, ग्राइंडिंग, सरळ करणं बंद. थरच निघून जातो किंवा बिघडतो. तापवण्याची मर्यादा साधारण स्टीलला २४५, टायटॅनियमला ३१५, इनकोनेल ७१८ या निकेल मिश्रधातूला ५४० अंश सेल्सिअस. आणि पेनिट्रंट तपासणी (रंगद्रव सोडून तडे शोधणं) पीनिंगच्या आधीच उरका. नंतर तड्याचं तोंड मिटतं, रंग आत शिरत नाही.