भाऊजींचं डबल आणि माझी पाच चौकट

ब्रिजचा डाव. विरोधी जोडीची बोली 6 इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहा अधिक सहा, बारा हात करायचे. त्यावर माझे भिडू भाऊजी यांनी डबल दिलं (बोली पडली तर आम्हाला जास्त गुण, झाली तर त्यांना) आणि उतारीला, म्हणजे पहिलं पान म्हणून, मी ऐटीत किलवरचा राजा टाकला. राजा-राणी-गुलाम ओळीने हातात असताना दुसरं काय टाकणार? डमीत, म्हणजे विरोधी जोडीतल्या एकाच्या उघड्या मांडलेल्या पानांत, एक्का निघाला, उजवीकडच्या बाईंनी हुकूम काढून घेतले आणि बारा हात करून 1210 लिहून घेतले. भाऊजी टेबलावर कधी बोलत नाहीत. जिना उतरताना म्हणाले, “वहिनी, चौकट द्यायची होती हो. माझ्याकडे एकही नव्हतं.”

मी मेंढीकोट खेळत वाढले. तिथे बोली नसते. आपली पानं बघायची आणि टाकायचं. तीच खोड ब्रिजमध्ये घेऊन आले होते. तेव्हापासून अवघड उतारी आली की पान काढण्याआधी एका रंगाची तेरा पानं मनातल्या मनात चौघांत वाटून बघते.

त्या डावात वाटली असती तर? माझ्याकडे चौकटची पाच भिकार पानं. डावीकडच्या गृहस्थांनी सुरुवातीलाच 2 चौकट म्हटलं होतं, म्हणजे त्यांची चार तरी, बहुधा पाच. उरली तीन-चार, ती बाई आणि भाऊजी यांच्यात. भाऊजींकडे एखादं किंवा शून्य. शिवाय विरोधी जोडी राजीखुशीने स्लॅमला (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीला) गेलेली असताना भिडू डबल देतो तेव्हा तो ‘नेहमीची उतारी नको’ असं सांगत असतो. थिओडोर लाइटनर या अमेरिकन खेळाडूचं नाव त्या डबलला आहे. बहुतेक वेळा भिडूला हुकूम मारायचा असतो, आणि तो रंग बऱ्याचदा डमीने आधी बोललेलाच निघतो. चौकट टाकलं असतं तर भाऊजींनी पहिलाच हात हुकमाने मारला असता, बदामचा एक्का त्यांच्याकडे होताच. एक हात कमी, आम्हाला 100.

तुमच्या हातात राजा-राणी-गुलाम असेल आणि भिडूने अशा वेळी डबल दिलं असेल, तर आधी त्या सुंदर पानांवरून नजर काढा. फार जड जातं.

बिनहुकमी (नो ट्रंप) डावात बऱ्याचदा डबल नसतं, मग न झालेली बोली ऐकावी लागते. उजवीकडून 1 नो ट्रंप, 15 ते 17 पॉइंट (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1). डावीकडून सरळ 3 नो ट्रंप. माझी पानं: इस्पिक गुलाम-दश्शी-तिर्री, बदाम अठ्ठी-चौकी, चौकट राणी-सत्ती-पंजी-दुर्री, किलवर नव्वी-सत्ती-छक्की-तिर्री. लांब रंगातलं चौथं पान टाकायचं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण बेरीज करा. 40 पैकी माझे 3, उजवीकडे साधारण 16, डावीकडे 10 धरले तर भिडूकडे 11. मी चौकट उभे केले तरी ते वसूल करायला मला परत हात कुठून मिळणार? हा डाव भिडूचा आहे, आपण फक्त त्याचा रंग शोधायचा. डावीकडच्याने स्टेमन (इस्पिक किंवा बदाम चार आहेत का, असं भिडूला विचारणारी 2 किलवरची बोली) विचारलं नाही, म्हणजे इस्पिक किंवा बदाम चार असण्याची शक्यता कमी. मग हे रंग भिडूकडे लांब असणार. मी इस्पिकचा गुलाम टाकते. कधी कधी आपटते, ते कबूल.

बोलीतही हेच वाटप उपयोगी पडतं, फक्त तिथे राग आवरावा लागतो. दोन्ही बाजू व्हल्नरेबल, म्हणजे पडल्यास दंड जास्त आणि गेम झाल्यास बक्षीसही जास्त. भाऊजींनी 1 इस्पिक उघडलं, उजवीकडून धाडकन 4 बदाम, मी 4 इस्पिक, डावीकडून 5 बदाम, भाऊजी पास, पुन्हा पास, माझी पाळी. इस्पिक चार, बदाम दोन, चौकटचा एक्का-गुलाम, किलवरची राणी. मी चिडून 5 इस्पिक म्हटलं. डबल, दोन हात कमी, 500 गेले. 5 बदाम एका हाताने पडत होतं.

झाँ-रने व्हर्न या फ्रेंच माणसाने एक ठोकताळा दिला आहे: दोन्ही बाजूंच्या हुकमांची बेरीज जितकी, साधारण तितकेच दोघांचे मिळून हात. आमचे इस्पिक नऊ, भाऊजींचे पाच धरून. बदाम माझ्याकडे दोन, भाऊजींकडे एक धरलं तर त्यांचे दहा. बेरीज 19. त्यांचे 11 झाले तर आमचे 8, त्यांचे 10 तर आमचे 9. मला लागत होते 11, आणि तेवढे व्हायला त्यांचे 8च व्हायला हवे होते. मग तर 5 बदामला डबल देणंच जास्त फायद्याचं. कसंही फिरवा, 5 इस्पिक चूक. पण एरवी डबलही देऊ नये. टीमच्या सामन्यात तीच पानं दुसऱ्या टेबलावरही खेळतात आणि दोन्हीकडच्या गुणांतल्या फरकावरून इम्प मिळतात. दुसऱ्या टेबलावर साधं 5 बदाम खेळलं गेलं असं धरा, एका हाताने पडलं तर डबलने 3 इम्प मिळतात, झालं तर 5 जातात. गुपचूप पास.

टीमच्या सामन्यात व्हल्नरेबल असताना गेमला (मोठं बक्षीस मिळणाऱ्या बोलीला, जसं 4 इस्पिक) जाताना मात्र मी उलट वागते. 4 इस्पिक झालं आणि दुसऱ्या टेबलावर 3च बोलले असतील तर 10 इम्प मिळतात, एका हाताने पडलं तर 6 जातात. सोळातले सहा, म्हणजे 37.5 टक्के शक्यता असली तरी पुरते.

एक गोष्ट मात्र हिशेबात घ्यायची नाही. भिडू विचार करत बसला आणि मग पास म्हणाला, तर त्या थांबण्यावरून काही ठरवणं नियमात बसत नाही. ठरवून बघितलं तर भाऊजींचं थांबणं निम्म्या वेळा चष्मा शोधण्यासाठी असतं.

आणि उतारीचं पान आधी उपडं ठेवा. भिडूला बोलीबद्दल काही विचारायचं असेल तर तो विचारतो, पाळी भलत्याची असेल तर तेव्हाच कळतं. पाळी आपलीच असेल तर मात्र पान परत घेता येत नाही बरं का. किलवरचा राजा उपडा ठेवल्यावर मला चौकट आठवलं असतं तरी तो तसाच सुलटा करावा लागला असता.