इच्छांच्या यादीला महिना जोडा

आयुष्यात करायच्या गोष्टींची यादी बऱ्याच जणांकडे असते पण ती मोबाईलच्या नोट्समध्येच पडून राहते, माझीही चार वर्षं तशीच होती. मग एकच बदल केला, प्रत्येक इच्छेसमोर महिना लिहिला आणि त्यासाठी या आठवड्यात करायचं एक छोटं काम.

आपल्या नाशिकमध्ये तर सीझन बघूनच यादी लावावी लागते. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारी, आणि पहाटेच निघायचं, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आपल्या निफाड तालुक्यात आहे आणि आपण तिथे गेलेलो नसतो याचं मला खरंच वाईट वाटतं. साल्हेर (१५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला) थंडीत करा. हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्या भर पावसात आणि रविवारच्या गर्दीत नकोच, निसरडं असतं आणि उतरणारे-चढणारे एकाच वाटेवर अडकतात.

मोठ्या गोष्टीचे तुकडे पाडा. कळसूबाई, १६४६ मीटर, एकदम नाही जमत सगळ्यांना, आधी महिनाभर दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, मग अंजनेरी, मग कळसूबाई. पोहणं शिकायचंय तर या आठवड्याचं काम फक्त बॅचची वेळ आणि फी विचारून येणं, बस.

आणि दिवाळीनंतर एकदा यादी वाचून जे आता मनापासून नकोय ते खोडून टाका. माझी स्कूबा डायव्हिंग गेली, तिच्या जागी आईला घेऊन ब्रह्मगिरी आली, या फेब्रुवारीत जातोय.