कोल्हापुरात बसून मालदीवचा रेडिओ कसा लावायचा

आधी दक्षिण ठरवा. मालदीवची राजधानी माले आपल्यापासून साधारण १,४०० किलोमीटरवर, जवळपास सरळ दक्षिणेला आहे. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. महाद्वारात रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलात की डावा हात दक्षिणेकडे. तीच दिशा घरी धरायची.

रेडिओ दुरुस्तीत माझं निम्मं आयुष्य गेलं. दुकानात येणारी पोरं विचारतात, "काका, मोबाईलवर ऐकता येतंय की, मग ही खटपट कशाला?" मी त्यांना नकाशा दाखवतो. जवळजवळ १,२०० बेटं, उत्तर-दक्षिण ८०० किलोमीटरहून जास्त पसरलेली, आणि मध्ये सगळा समुद्र. २९ डिसेंबर १९६२ ला तिथं सरकारी रेडिओ सुरू झाला; टीव्ही यायला १९७८ उजाडलं. मीडियम वेव्ह, म्हणजे रेडिओवरचा MW पट्टा, खाऱ्या पाण्यावरून लांब जाते, म्हणून अशा देशाला ती फार उपयोगाची. तो आवाज आपल्यासाठी सोडलेलाच नाही, बेटांवरच्या माणसांसाठी आहे. तो इथं थेट हवेतून पकडण्यात मला आजही विलक्षण आनंद वाटतो.

स्टेशन १४४९ किलोहर्ट्झवर. काट्याचा रेडिओ असेल तर सांगली आकाशवाणीची १२५१ ची जागा धरा आणि तिथून हळूहळू वर सरका. १४ आणि १६ च्या खुणांमध्ये (म्हणजे १४०० आणि १६०० किलोहर्ट्झ), १४ च्या जरा पुढं थांबा. डिजिटल सेट असेल तर मीडियम वेव्हची पायरी (एका दाबात आकडा किती सरकतो ती) ९ किलोहर्ट्झवर आहे ना, ते आधी बघा. ती १० वर असली तर आकडा १४५० वर जातो आणि आवाज फाटतो.

वेळ अंधार पडल्यानंतरची. दिवसा वातावरणाचा खालचा थर मीडियम वेव्ह शोषून घेतो, रात्री तो विरतो आणि लहरी वरून परावर्तित होऊन लांब पोचतात. डिसेंबर-जानेवारी उत्तम. वळवाच्या दिवसांत विजांची खरखर एवढी असते की कान किटतात.

आता खरं काम. सेटच्या आत एक काळी कांडी असते, फेराइट रॉड, तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. कांडीच्या टोकाच्या दिशेनं रेडिओला जवळपास काही ऐकू येत नाही. जे येतं ते तिच्या आडव्या अंगानं. म्हणून कांडी पूर्व-पश्चिम ठेवायची. बहुतेक सेटमध्ये ती लांबीला समांतर असते, म्हणजे सेटचं तोंड दक्षिणेला करा आणि बोटभर बोटभर फिरवत राहा. मध्येच दुसरं स्टेशन बुडतं आणि खालून मालेचा आवाज वर येतो.

तरी क्षीण वाटला तर लूप करा. दोन फूट बाजूची लाकडी चौकट, तिच्यावर इनॅमल तारेचे दहा वेढे, दोन वेढ्यांत पाव इंच अंतर. तार शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं मिळेल. दोन टोकांना जुन्या रेडिओतला गँग, म्हणजे स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर, जोडा. चौकटीची कड दक्षिणेकडं करून ती रेडिओशेजारी उभी करा. वायर जोडायची गरज नाही. गँग फिरवता फिरवता एका जागी आवाज एकदम भरतो.

घरातले एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर बंद करा. लाईट गेली की तर पर्वणीच. गल्लीतली सगळी गुणगुण थांबते. शेतावर जाता आलं तर त्याहून चांगलं.

ओळख कशी पटवायची? मालेचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागं आहे. तिथं आठ वाजतात तेव्हा इथं साडेआठ. म्हणून आपल्या साडेच्या ठोक्याला कान लावून बसा, तिथला तास तेव्हा बदलतो. भाषा दिवेही, 'दिवेहि राज्जेगे अडु' हे स्टेशनचं नाव ऐकू आलं की शंका उरत नाही. रात्रीच्या नमाजाची अजानही ऐकू येते.

वही जवळ ठेवा. निदान अर्धा तास ऐका आणि गाणं, बोलणं, बातम्या जे असेल ते मिनिटासकट टिपा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहा, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. हे सगळं स्टेशनला कळवताना सेट कोणता, लूप होता का आणि आवाज कितपत स्थिर होता तेही सांगा. नुसतं 'छान ऐकू आलं' लिहिलंत तर तिथल्या इंजिनिअरला त्याचा काही उपयोग नाही.