मिलान यानिच यांची कारकीर्द निकालपत्रकांतून कशी वाचावी

ऑलिंपिक पदकांच्या यादीत मिलान यानिच यांच्या नावावर एकच रौप्यपदक आढळते, आणि तेवढ्यावर थांबणाऱ्या वाचकाला सर्बियातील बाचका पालांका या डॅन्यूबकाठच्या गावातून आलेल्या या कयाक (वल्ह्याची अरुंद नाव) शर्यतपटूचा खरा आवाका कळत नाही. तो कळावा म्हणून निकालपत्रकातील नावेचा प्रकार, अंतर आणि ध्वज या तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात.

आरंभ शर्यतीच्या संकेतापासून करावा. ‘के’ म्हणजे बसून, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची कयाक. ‘सी’ म्हणजे एका गुडघ्यावर टेकून, एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची कॅनो. पुढील आकडा नावेतील खेळाडूंची संख्या सांगतो. यानिच यांची मोठी वैयक्तिक यशे के-१ मधील आहेत.

त्यानंतर अंतर पाहावे, आणि येथे घाई करू नये. के-१ १०,००० मीटर प्रकारात यानिच १९७८, १९७९ आणि १९८२ अशी तीन वेळा विश्वविजेते झाले. त्यांपैकी १९७८ आणि १९८२ च्या स्पर्धा बेलग्रेडमध्ये भरल्या होत्या. मात्र हे अंतर १९५६ नंतर ऑलिंपिकमधून वगळले गेले होते, त्यामुळे त्यांच्या सर्वोत्तम शर्यतीला ऑलिंपिकमध्ये जागाच नव्हती. शिवाय १,००० मीटरची शर्यत प्रत्येकाच्या आखलेल्या मार्गिकेत सरळ धावते आणि चार मिनिटांच्या आसपास संपते, तर १०,००० मीटरला चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो, वळणे घ्यावी लागतात आणि पुढच्या नावेच्या लाटेचा आधार घेऊन शक्ती राखण्याचे कौशल्य निर्णायक ठरते. म्हणून दोन्ही अंतरांचे निकाल एकाच रकान्यात मांडू नयेत.

हे ध्यानात ठेवून १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिककडे वळावे. के-१ १,००० मीटरमध्ये न्यूझीलंडचे ॲलन थॉम्पसन पहिले, यानिच दुसरे आणि अमेरिकेचे ग्रेग बार्टन तिसरे आले. सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी आणि हंगेरी या बलाढ्य संघांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला होता, ही नोंद निकालाशेजारी अवश्य करावी. परंतु तिच्या आधारे पदक कमी लेखू नये, तर त्याच अंतराचे आसपासच्या वर्षांतील जागतिक निकाल पडताळावेत. दीर्घ अंतराच्या विश्वविजेत्याने त्याच्या एकदशांश अंतरावर दुसरा क्रमांक मिळवावा, हे माझ्या मते अतिशय मोठे यश आहे. वेगवेगळ्या तळ्यांवरील वेळांची तुलना मात्र टाळावी, कारण वारा ती निरर्थक करून टाकतो.

शेवटी ध्वज तपासावा. यानिच युगोस्लाव्हियासाठी खेळले. त्याच भूमीतील खेळाडू १९९२ नंतर सर्बिया आणि माँटेनेग्रोपुरत्या उरलेल्या युगोस्लाव्हियाकडून, २००३ पासून सर्बिया आणि माँटेनेग्रो या नावाने आणि २००६ नंतर सर्बियाकडून उतरले, त्यामुळे केवळ ‘सर्बिया’ शोधल्यास जुने निकाल सापडत नाहीत. यानिच यांच्या कन्या नताशा २००० मध्ये सिडनीत युगोस्लाव्हियाकडून खेळल्या आणि २००४ मध्ये अथेन्सला हंगेरीकडून के-१ ५०० व के-२ ५०० मीटरची सुवर्णपदके जिंकल्या. पुत्र स्त्येपान यांनी क्रोएशियाचे प्रतिनिधित्व केले. हंगेरियन लेखनात आडनावाची अखेरची अक्षरे बदलतात (Janić चे Janics होते), उच्चार जवळपास तोच राहतो. म्हणून या कुटुंबाचा शोध दोन्ही लेखनरूपांनी घ्यावा.