पोर जेवत नाही, शाळेला घाबरते: घरच्यांनी या चुका टाळा

नववी-दहावीतली पोर भाकरी कुस्करून ताटभर पसरवते, ‘मैत्रिणीकडं जेवली’ म्हणते आणि शाळेची वेळ झाली की तिचं पोट दुखतं. घरात आधी ‘नाटकं करते’, मग ‘नजर लागली’. उतारे-पातारे करण्यात दोन-तीन महिने जातात आणि खाण्याचा विकार (ईटिंग डिसऑर्डर) हा मनाचा आजार मुरतो. उपाशी मेंदू जास्त घाबरतो, एकाच विचारात अडकतो. वर्गात डोक्यात काही शिरत नाही, म्हणून शाळेची धास्ती वाढते. त्यामुळे आधी ताट, त्याच्या मागोमाग शाळा.

अशक्तपणा दिसला की सलाईन

सगळ्यात धोक्याची चूक ही. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम ग्लुकोज गेलं की रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एकाच दिवशी आग्रहानं भरपूर जेवू घातलं तरी तेच. पाचेक दिवस पोटात जवळपास काहीच नसेल किंवा वजन झपाट्यानं उतरलं असेल, तर आधी पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, शुगर आणि ईसीजी करा. ग्लुकोजच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-1) द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. गावातल्या दवाखान्यात हे सगळं होत नाही. जिल्हा रुग्णालय किंवा सेवाग्राम, नागपूर, यवतमाळ, अकोला इथली मेडिकल कॉलेजं गाठा.

बसल्या जागी नाडी मिनिटाला 50 च्या खाली, बीपीचा वरचा आकडा 90 च्या खाली, उभं राहताच भोवळ, पाणीही नको किंवा जीव देण्याची भाषा, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी निघा. फवारणीचं औषध घरात असेल तर ते कुलपात हवं. अंगानं बरी दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. जेवून उलट्या काढणाऱ्यांचं वजन पुष्कळदा ठीकच असतं.

ताटावर समजावणं

‘काहून जेवत नाहीस वं?’ याचं उत्तर तिच्याकडं नसतं. किती खायचं, काय खायचं, हे काही महिने आई-बाबांनी ठरवायचं. तीन जेवणं आणि दोन-तीन वेळा मधलं खाणं, साधारण दर तीन तासांनी. किती वाढायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि टप्प्यानं वाढवा. भाकरीला तूप, वरणावर तेलाची फोडणी, शेंगदाण्याचा लाडू, दूध हे कमी जागेत जास्त ताकद देतात. नुसत्या काकडी-टमाट्यानं पोट भरतं, वजन वाढत नाही. ‘एवढं संपवायचं आहे, मी इथंच बसलो आहे’ एवढंच म्हणा. अर्धी भाकरी की पाव, हा सौदा करू नका, कारण उद्या ती पावावरून घासाघीस सुरू करेल. जेवणानंतर पाऊण तास कुणीतरी सोबत बसा. मोरीकडं जायचं ते जेवणाआधीच.

सोमवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार: उपास हा या आजाराचा सगळ्यात सोयीचा आडोसा, कारण आजी कौतुकच करते. बरं वाटेपर्यंत सगळे बंद, आणि हे आजीलाच सांगू द्या. पोलीस भरतीसाठी रात्रंदिवस पळणारा, भात सोडलेला मुलगाही याच यादीत येतो. त्याच्याकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

रिकामा डबा म्हणजे पुरावा नव्हे

शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच. पुढं एसटीनं तालुक्याला जाणाऱ्या पोरीचा डबा वाटेत कुत्र्याला गेला तरी कुणाला कळत नाही. दुपारचा डबा एखाद्या बाईंसमोर स्टाफरूममध्ये खाण्याची सोय मागा. आरोग्य तपासणीत वर्गासमोर वजनाचा आकडा मोठ्यानं वाचू नये, तिनं काट्याकडं पाठ करून उभं राहावं, हे मुख्याध्यापकांना लेखी द्या.

महिनाभर घरी, नाहीतर ओढत शाळेत

दोन्ही फसतं. घरी बसली की भीती दर दिवशी घट्ट होते. डॉक्टरांनी शाळेत जायला हरकत नाही म्हटलं की पहिला आठवडा फक्त दोन तास, तेही कमी धास्तीच्या विषयांचे. मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. घाबरली तर घरी फोन करण्याऐवजी दहा मिनिटं ग्रंथालयात बसून वर्गात परतायचं, हे आधीच ठरवा. एखाद्या दिवशी नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी त्याच पायरीपासून सुरुवात करा, पहिल्यापासून नाही.

दहावीला हजेरी 75 टक्के लागते. आजारपणाचं प्रमाणपत्र सुरुवातीलाच शाळेत जमा करा, फेब्रुवारीत धावपळ नको. रात्री-बेरात्री विचारायला टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 वर आहे, मोफत आणि मराठीत.